झाकण मिटल्यावर लुकलुकणारा दिवा

नाशिकरोड
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

धाकट्या मालनचा सप्रेम जय भीम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र तू पुन्हा डबीत घालून ठेवलंस, असं अंजलीकडून कळलं. नातीनं हौसेनं आणायला लावलं, तर म्हणे त्यात कुकरच्या शिट्ट्यांशिवाय काही ऐकू येत नाही. एका अर्थी बरं झालं. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या कॉलनीला ऐकवायचं, आणि आज जे सांगायचं आहे ते कॉलनीला ऐकवण्यासारखं नाही.

पायाचं विचारलंस. मोरीत पडले तेव्हाची सूज आता उतरली. जिना चढते, दळण आणते. पण आपला सनी आणि सूनबाई रोहिणी अजून माझ्याकडे तडा गेलेल्या बरणीकडे बघावं तसं बघतात. मी उठले की दोघं उठतात. मोरीत गेले की दाराबाहेर कुणीतरी खाकरतं.

आता मुद्द्याचं. दिवाळी झाली आणि सनीनं घरात नवाकोरा लॅपटॉप आणला. रोहिणी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, तिच्या कामासाठी, असं मला सांगण्यात आलं. ठीक आहे. पण कामासाठी आणलेली वस्तू माणूस कामावर नेतं की नाही? ही दोघं सकाळी बाहेर पडतात, सनी अंबडला कंपनीत, ती कॉलेजात, आणि लॅपटॉप इथंच, टीव्हीशेजारच्या टेबलावर तोंड वासून. तेही खुर्चीकडे तोंड नाही, सगळ्या खोलीकडे. वर मला पथ्यं सांगून ठेवली आहेत. झाकण मिटायचं नाही, भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही, ओलं फडकं लावायचं नाही, वर काही पांघरायचं नाही. माझ्या बाळंतपणातही एवढी पथ्यं कुणी पाळली नव्हती.

पहिल्याच दिवशी मी ते झाकण मिटलं. धूळ बसते, दुसरं काय. वर क्रोशाचा रुमाल टाकला. तर मिटल्यावर त्याच्या कडेचा बारीक दिवा लुकलुकायला लागला. संध्याकाळी रोहिणीला विचारलं, तर म्हणाली की तो झोपला की तसंच होतं. झोपलेलं माणूस कधी डोळे मिचकावतं का?

मी अंबडला पॅकिंगला होते तेव्हाची वरची काचेची केबिन तुला सांगितली होती. तिच्या दारावर दिवा होता. सुपरवायझर आत बसून आमच्याकडे बघत असला की तो लुकलुकायचा, म्हणजे कुणी दार ढकलून आत येऊ नये. साहेब फेरीला गेला की दिवा नुसता जळत राहायचा. आम्ही बायका मान वर न करता तेवढं बघायचो. लुकलुकतोय तोवर हात चालवायचा, नुसता जळतोय तोवर कंबर मोकळी करायची. माझी सगळी नोकरी त्या दिव्याकडे बघत गेली. मला आता कोण काय शिकवणार?

म्हणून सध्या मी काय करते, दोघं गेली की लॅपटॉप मिटते, शालीत गुंडाळते आणि कपाटात साड्यांखाली दडपते. बघ म्हणावं काय बघायचं ते. रोहिणी यायच्या आत परत टेबलावर उघडून ठेवते.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातलं दोघांचं बोलणं कानावर आलं. सनी म्हणत होता की आईवर लक्ष ठेवायला पाहिजे, नाहीतर घोटीला मामांकडे ठेवू. त्यावर रोहिणी काय म्हणाली ते मिक्सरच्या आवाजात गेलं. दादा, तुझं घर माझं माहेर आहे, पण माहेरी चार दिवस जायचं असतं, बोचकं बांधून कायमचं नाही. हे घर मी आणि ह्यांनी ओव्हरटाइम करून उभं केलं. मला इथून हलवायचा बेत शिजतोय आणि मी एकटी राहू शकत नाही याचा पुरावा गोळा करायला हे यंत्र बसवलंय, असा माझा पक्का संशय आहे. तुला त्यांनी काही कळवलंय का? खरं सांग. आणि हे कुणाजवळ बोलू नकोस.

वहिनींना जय भीम, अंजलीला आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
मालन


नाशिकरोड
दि. २३ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,

रोहिणीचा सविनय जय भीम. वि. वि. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि अंजलीच्या मोबाइलवर निरोप पाठवला तर तिला सगळं सांगावं लागेल. म्हणून पत्र लिहिते आहे.

आई पडल्या तेव्हा तुम्ही सनीला म्हणाला होतात की दिवसभर तिच्यावर नजर राहील अशी काहीतरी सोय करा, पण तिला कळू देऊ नका. त्याप्रमाणे लॅपटॉप आणला. त्याच्या कॅमेऱ्यातून बाहेरची खोली आणि मोरीचं दार दिसतं. आवाजही येतो. सनी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघतो, मी ऑफिसात अधूनमधून.

पण तो चालू राहतच नाही. हात न लावता काही वेळ गेला की लॅपटॉप आपोआप झोपतो. ते होऊ नये म्हणून सनीनं सेटिंगमध्ये झोपेच्या जागी कधीच नाही असं करून ठेवलं, वायरही लावून ठेवली. तरी झाकण मिटलं की तो झोपतोच आणि झोपला की कॅमेरा बंद. आणि आई रोज मिटतात. अगदी सुरुवातीला दोन वेळा मोबाइलवर काही दिसेना म्हणून सनी शिफ्ट सोडून मोटरसायकलवर धावत घरी आला. दोन्ही वेळा लॅपटॉप टेबलावर रुमालाखाली मिटलेला, आणि आई निवांत बसून लसूण सोलत होत्या. सुपरवायझरनं त्याला बजावलं आहे की हे चालणार नाही. आणखी एक नवल म्हणजे संध्याकाळी लॅपटॉपला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. तो का, ते कळत नाही.

हे जमलं नाही तर दोनच वाटा उरतात. आईंना तुमच्याकडे पाठवायचं, नाहीतर मी नोकरी सोडायची. जूनमध्येच मी कायम झाले, मामा. नोकरी सोडावीशी वाटत नाही. आणि आईंना इथून हलवलं तर त्या खचतील, हे मला दिसतं. पण त्या दुपारी त्या मोरीच्या फरशीवर किती वेळ पडून होत्या ते आठवलं की ऑफिसात बसवत नाही. शेजारच्या नवसाबाईंनी हाक मारली नसती तर मी येईपर्यंत तशाच राहिल्या असत्या.

खरं सांगू का, मला चोरी केल्यासारखं वाटतं. त्यांना सरळ सांगून टाकावं असं माझं मत आहे. सनी नको म्हणतो. तुम्ही सांगाल तसं करीन. मामींना जय भीम. आम्हा लेकरांवर मायेची सावली असू द्या.

आपली नम्र,
रोहिणी


घोटी
दि. २८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रोहिणीस,

सावळीराममामाचा जय भीम आणि आशीर्वाद. डांबराच्या गोळ्यांचं कोडं सोडवून देतो. तुमचा लॅपटॉप दिवसा कपाटात साड्यांखाली झोपा काढतो. मालननं मला कळवलं आहे. कुणाला बोलू नकोस अशी तिची ताकीद होती, पण इथं तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

तिचा समज असा की मिटल्यावर दिवा लुकलुकतो तेव्हा तो बघतो, आणि उघडा असताना दिवा नुसता जळतो तेव्हा कुणी बघत नसतं. कंपनीतल्या केबिनीवरून तिनं हे ठरवलं आहे. सगळं उलटं, पण आपल्या पथ्यावर पडणारं. तो समज आपण मोडायचा नाही. मी तिला तसं लिहितो. मी मास्तर, मी सांगितलेलं तिनं आजवर खोटं मानलेलं नाही.

तू मात्र काही सांगू नकोस. सरळ सांगितलंस तर ती उद्यापासून मोरीला आतून कडी लावेल. मी तिला लहानपणापासून ओळखतो. सनीला आशीर्वाद. नोकरीचा विचार मनातून काढ.

तुझा,
मामा


घोटी
दि. २८ नोव्हेंबर २०२४

चि. मालनला,

दादाचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद. पत्र वाचून हसू आलं. तुझा स्वभावच संशयी. दूधवाला पाणी घालतो म्हणून लहानपणी तू त्याच्या म्हशीवर पाळत ठेवून बसली होतीस, आठवतं? म्हशीनं शेवटी तुला शिंगावर घेतलं होतं.

पण या खेपेला तुझं म्हणणं मला पटलं. अंजली कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते, तिला मुद्दाम विचारलं. ती म्हणाली की आत्याआजीचं अगदी बरोबर आहे. मिटलेला आणि लुकलुकणारा लॅपटॉप भरवशाचा नाही. उघडा असेल आणि दिवा नुसता जळत असेल तर निर्धास्त राहावं. तेव्हा यापुढे तो मिटू नकोस. शालीत तर अजिबात गुंडाळू नकोस, त्याला आतली गरम हवा बाहेर टाकायला जागा लागते, नाहीतर बिघडतो. नव्या वस्तूला निगा लागते. पुसायचा तर कोरड्या मऊ फडक्यानं पूस. भिंतीवरचं बटण चालू असू दे.

घोटीला पाठवण्याबद्दल मला कुणी काही कळवलेलं नाही. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. वहिनीनं नवा तांदूळ काढून ठेवला आहे, अंजलीबरोबर पाठवतो. चांगलं मुरू दे आणि मग शिजव, नाहीतर गिचका होईल आणि त्याचाही संशय आमच्यावर घेशील.

तुझा,
दादा


नाशिकरोड
दि. १४ डिसेंबर २०२४

ती. दादास,

सप्रेम जय भीम. वि. वि. तांदूळ पोचला. वास असा की नवसाबाई भिंतीपलीकडून विचारायला आली.

तू सांगितल्यापासून मन हलकं झालं. लॅपटॉप उघडा ठेवते. कडेचा दिवा नुसता जळत असतो, वर मधोमध आणखी एक बारका दिवा आहे, तोही नुसता जळतो. म्हणजे कुणी नाही. थंडीत त्याच्या कुशीतून गरम हवा येते, तिथं हात शेकते. खिडकीतून ऊन येतं तिथं बसून केस वाळवते, ह्यांच्या फोटोशी बोलते. ह्यांच्याशी बोलायचं इतकं साठलं होतं. घरात सून वावरते, तिच्यासमोर कसं बोलणार? आता दिवसभर घर माझं.

पण दादा, दुसरीच भानगड सुरू झाली आहे. मागच्या आठवड्यात दाढ ठणकत होती. पोरांना सांगितलं नाही, सांगितलं की लगेच दवाखाना. फक्त फोटोला म्हटलं. संध्याकाळी सनी लवंगतेल घेऊन हजर. मेडिकलमध्ये सहज दिसलं म्हणाला. परवा फोटोला म्हटलं की सुकटाची चटणी खाऊन किती दिवस झाले, तर काल रोहिणीनं सुकट आणलं. तिला सुकटाचा वाससुद्धा सोसत नाही. नाकाला ओढणी बांधून भाजत होती पोर.

ह्यांनी जिवंतपणी कधी माझा एक निरोप धड पोचवला नाही, ते आता फोटोतून पोचवतील? कुठंतरी पाणी मुरतंय. मी आता एक गंमत करून बघणार आहे. काय झालं ते कळवीन. तोवर तूही जरा डोकं चालव, अंजलीला विचार.

वहिनींना जय भीम. बहिणीची आठवण ठेव.

तुझी,
मालन


नाशिकरोड
दि. २४ डिसेंबर २०२४

दादास,

जय भीम. आज खुशाली विचारत नाही.

गंमत करून झाली. गेल्या आठवड्यात दुपारी लॅपटॉपसमोर उभी राहून मी ह्यांच्या फोटोला मोठ्यानं सांगितलं की टेबलावर स्टूल ठेवून माळा साफ करायला चढते आहे. आणि खुर्चीत बसून राहिले. थोड्याच वेळात नवसाबाई धापा टाकत आत आली. विरजण पाहिजे म्हणाली. हातात वाटी नाही, पायात चप्पल नाही, आणि नजर सरळ माळ्याकडे. मी तिला विरजण दिलं, माझ्या वाटीतून. कुणाचा फोन आला होता ते विचारलं नाही. तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

परवा अंजली कॉलेजातून जाताना घरी आली. मी तिला त्या दिव्यांचं विचारलं. ती बिचारी हसत हसत सांगत होती की मिटला की लॅपटॉप झोपतो, लुकलुकणारा दिवा म्हणजे झोप, तेव्हा त्याला काही दिसत नाही. उघडा असताना वरचा बारका दिवा जळतो, तीच कॅमेरा चालू असल्याची खूण. मग मी विचारलं की आजोबांनी तुला हे कधी विचारलं होतं का. म्हणाली, कधीच नाही.

पोरांनी बघितलं ते एक वेळ समजू शकते. पण तू? मी तुला विचारलं होतं, खरं सांग म्हणून. तुला माझी चूक माहीत होती आणि तू ती पक्की करून दिलीस, नातीचं नाव घालून. मी त्या यंत्रासमोर केस मोकळे सोडून बसले. ह्यांच्याशी भांडले, रडले. जे तुलासुद्धा कधी सांगितलं नाही ते फोटोला सांगितलं, आणि माझ्या लेकानं ते डबा खाता खाता ऐकलं. केबिनीतला साहेब निदान दिवा लावून तरी बघायचा.

लॅपटॉप कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे.

मायेचं नंतर बघू.

मालन


नाशिकरोड
दि. ३० डिसेंबर २०२४

ती. मामांस,

सविनय जय भीम. वि. वि. आईंना सगळं कळलं, हे तुम्हालाही समजलं असेल. त्यांनी आम्हाला एक शब्द विचारला नाही. भाजीत मीठ कमी आहे की नाही एवढंच बोलणं होतं. फोटो त्यांनी आतल्या खोलीत नेला आणि दार लावून घेतात.

मामा, त्या एकदा फोटोला म्हणाल्या होत्या की मी या पोरांच्या गळ्यातलं लोढणं झाले आहे, मला लवकर बोलावून घ्या. ते मी ऑफिसात बसून ऐकलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांच्या गळ्यात पडावं असं वाटलं, पण ऐकलं कसं हे सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प राहिले. माणसाला जवळ घ्यायचं सोडून आपण नुसतं बघत बसलो, हे मला सोसत नाही.

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे. नव्या वर्षात ऑफिस उघडलं की देईन. आईंना घोटीला पाठवणार नाही, आणि आता त्यांच्यावर चोरून नजरही ठेवणार नाही. मीच घरी थांबते. तुमच्यावर राग नाही, पण तुम्ही त्यांना खरं लिहावं एवढी विनंती आहे. आमच्यापेक्षा तुमचं त्यांना जास्त लागलं आहे.

आपली,
रोहिणी


घोटी
दि. ३ जानेवारी २०२५

चि. मालनला,

दादाचा जय भीम. मी खोटं लिहिलं. नजर ठेवण्याची कल्पनाही माझीच. पोरांना दोष देऊ नकोस, रोहिणी पहिल्यापासून तुला सांगून टाकू म्हणत होती, मीच अडवलं.

तू मोरीच्या फरशीवर पडून होतीस त्या दुपारी मी इथं ओट्यावर बसून तुला चेष्टेचं पत्र लिहीत होतो. ते पेटीत टाकून आलो, चहा प्यायलो, आणि संध्याकाळी सनीचा निरोप आला. तेव्हापासून मला भीती वाटते, मालन. आपण चार भावंडं होतो, आता दोघं उरलो. तुझ्यामागं मला एकट्याला राहायचं नाही, एवढाच त्यात माझा स्वार्थ. पण भीतीपोटी मी तुला फसवलं, आणि हुशारी केली म्हणून मनात खूशही झालो. त्याची आता लाज वाटते.

एक गोष्ट तुला माहीत असावी. रोहिणी राजीनामा लिहून पर्समध्ये घेऊन फिरते आहे. तुला इथं पाठवायला ती तयार नाही. काय करायचं ते तूच ठरव. मी आता कुणाला काही सुचवणार नाही.

उत्तर नाही आलं तरी मी लिहीत राहीन.

तुझा,
दादा


नाशिकरोड
दि. १९ जानेवारी २०२५

ती. दादास,

सप्रेम जय भीम. वि. वि. राग गेलेला नाही. पण एकतर्फी पत्रं वाचायचा कंटाळा येतो, म्हणून लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी रोहिणीकडे पर्स मागितली. ती कावरीबावरी झाली. कागद काढून मी तिच्यासमोर चुलीत, म्हणजे गॅसवर जाळला. म्हटलं, मी पॅकिंगला उभी राहून पोरगा वाढवला, तो सुनेला माझ्या पहाऱ्याला बसवायला नाही. ती रडली. मग मीही रडले, पण या खेपेला समोरासमोर. सनी दारात उभा राहून पायानं फरशी उकरत होता, लहानपणी काच फोडली की उकरायचा तशी.

मग मी माझं म्हणणं मांडलं. दिवसा तो लॅपटॉप माझा. अंजलीला बोलावून सगळं शिकून घेतलं. झाकण उघडलं की जागा होतो, मिटलं की झोपतो. सनीनं केलेलं ते कधीच नाही मी काढून टाकलं, न वापरता उघडा राहिला तरी आपला आपण झोपू दे. रात्रंदिवस वायर लावून ठेवायची नाही. पासवर्ड माझा आहे, कुणाला सांगणार नाही, आणि तुला तर नाहीच नाही. रोज सनीची जेवणाची सुट्टी झाली की मी झाकण उघडते. तो तिकडं डबा उघडतो, मी इकडं ताट घेते, सवड असली तर रोहिणीही येते. ते मला बघतात, मी त्यांना बघते. काल समजलं की दोडक्याची भाजी तो शेजाऱ्याच्या डब्यात लोटतो, आणि घरी येऊन आवडली म्हणतो. जेवण झालं की झाकण बंद, डोळा बंद, आणि मी माझ्या घरात मोकळी. ज्या दिवशी सुट्टीत माझं झाकण उघडलं नाही, त्या दिवशी त्यांनी धावत यायचं. एरवी नाही. असा करार झाला.

आता पुढचं नीट वाच. तुला माझा स्वभाव माहीत आहे. करार झाला तरी मनात किडा होताच. बोलायला काय, सगळे गोड बोलतात. म्हातारी विसरली असेल, झोपली असेल, असं म्हणून राहिले तर? म्हणून बुधवारी मी मुद्दाम झाकण उघडलं नाही. लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसले, त्याचा दिवा लुकलुकत होता. फोन वाजला तोही उचलला नाही. ताट वाढलेलं तसंच. मला वाटायला लागलं की कोणी येत नाही, आणि आपणच आपलं हसं करून घेतलं.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. दादा, सनी कंपनीच्या बुटांसकट घरात शिरला. घरात कधी चप्पल न आणणारा पोरगा. मला खुर्चीत बसलेली बघून तिथंच फरशीवर बसला आणि माझं पाऊल दोन्ही हातांत धरून ठेवलं. त्याच्या मिशीला भाताचं शीत चिकटलं होतं. मागून रोहिणी रिक्षानं आली, तिला श्वास घेता येत नव्हता, नवसाबाईला हाका मारत जिना चढली होती. मी म्हटलं की जरा डोळा लागला होता. दोघंही रागावली नाहीत. रोहिणी नुसती माझ्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली.

त्यांना वाढलं. तिघं एका ताटात जेवलो. मला इतकी लाज वाटली दादा, आणि इतकं बरं वाटलं, की मी नुसती त्यांना वाढतच राहिले. सनीचा अर्धा दिवस गेला, सुपरवायझरची बोलणी खावी लागली ती वेगळीच. पुन्हा असं कधी करणार नाही. मला हलवायचा बेत कुणाच्या मनात नव्हता, हे आता मला कुणी सांगायला नको.

डोळा लागला नव्हता, हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. फोटोलाही सांगितलेलं नाही. मागच्या खेपेला माझं गुपित तू दहा दिवसही सांभाळलं नाहीस. हे मरेपर्यंत सांभाळायचं. फुटलं तर कुठून फुटलं, ते मला बरोबर कळेल.

वहिनींना जय भीम, अंजलीला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ आहे तेवढाच ठेवला आहे. वाढवायचा की नाही, ते तुझ्या वागण्यावर.

तुझी धाकटी बहीण,
मालन